अंडं उन्हात किती वेळ टिकतं

उत्पला गेल्याची बातमी मला तिच्या घरून कळली नाही. मी दारव्ह्याच्या कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते, फोन बंद होता. बाहेर येऊन चालू केला तर तालुक्याच्या एका ग्रुपवर एक चित्र आलेलं. वर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा हात जोडलेला भलामोठा फोटो, खाली कोपऱ्यात उत्पलाचा, कुठल्या तरी ओळखपत्रावरून कापून घेतलेला... आणि दोघांच्या मध्ये लांब पायांचा गुलाबी रोहित पक्षी. 'पक्षीमित्र उत्पलाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी बराच वेळ त्या रोहिताकडेच बघत राहिले. उत्पलानं आयुष्यात एकदाही रोहितावर काम केलं नव्हतं. आणि तिचा देह अजून नागपूरच्या दवाखान्यातून निघालाही नव्हता; तिची आई तिथं बाकावर बसून कागदांची वाट बघत होती. चित्र मात्र तयार होतं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सूर हळवा ठेवावा असा रिवाज आहे. मला तो जमणार नाही. उत्पला स्वतःही शांत बाई नव्हती. ती भांडायची, तोंडावर बोलायची, सहा-सहा महिने अबोला धरायची. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली नाही, कारण त्याच आठवड्यात जवळच्या धरणावर तिच्या पक्ष्यांची पिल्लं निघत होती. पाऊस लागल्यावर आली, उन्हानं करपलेलं तोंड घेऊन, आणि माझ्या मुलीला म्हणाली, "तुह्या लग्नाची तारीख पाखरायले इचारून काढाले पाह्यजे होती." मी तेव्हा रुसले होते. आता वाटतं, असं एखाद्या गोष्टीला चिकटून राहणारं माणूस माझ्या ओळखीत तेवढं एकच होतं.

आम्ही दोघी दारव्ह्याच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर. माझे वडील तहसील कचेरीत कारकून, तिचे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तिचे आजोबा छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या घरात पोरीनं पुढं शिकायचं की नाही यावर कधी चर्चाच झाली नाही. आमच्या घरात ती दर मे महिन्यात व्हायची. मला वडिलांनी वकिलीला जाऊ दिलं त्यात उत्पलाच्या बाबांचा हात होता. ते संध्याकाळी ग्रीसचे हात पुसत आमच्या ओट्यावर येऊन बसले होते आणि उठलेच नव्हते.

ती बी.एस्सी.ला असताना एका दिवाळीच्या सुमारास पूर्वेच्या किनाऱ्यावर मोठं वादळ झालं. त्याचं शेपूट आमच्यापर्यंत आलं, दोन-तीन दिवस झड लागली, फुटलेला कापूस झाडावर भिजून काळा पडला. झड थांबली त्या सकाळी बाजार समितीच्या आवारात एक पक्षी पडलेला सापडला. वरून काळा, खालून पांढरा, पंख अंगाच्या मानानं कितीतरी लांब. भोवती ही गर्दी. कुणी ज्वारी टाकली, कुणी बाटलीच्या झाकणानं त्याच्या चोचीत दूध ओतलं. उत्पलानं लोकांना बाजूला सारून त्याला ओढणीत घेतलं आणि गुरांच्या दवाखान्यात पळत गेली, मी तिच्यामागं. डॉक्टर म्हणाले, कोंबडी-बकरीचं असेल तर सांग. घरी परतताना तो तिच्या ओढणीतच मेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती तो मेलेला पक्षी पेपरात गुंडाळून अमरावतीला घेऊन गेली, आपल्या कॉलेजात. तिथल्या प्राध्यापकांनी पुस्तक उघडून ओळखला. समुद्रावरचा सुरय होता. एकदा घरटं सोडलं की वर्षानुवर्षं जमिनीला पाय न लावणारा, उडता उडता पाण्यावरून मासळी उचलणारा. वादळानं त्याला आमच्या कापसात आणून टाकलं होतं.

उत्पलानं विचारलं, याचा अभ्यास कुठं करतात? प्राध्यापक हसले. म्हणाले, यवतमाळ जिल्ह्यात समुद्र आहे का? बी.एड. कर, आरक्षणातून कुठल्या तरी शाळेत चिकटशील. त्या वाक्यातला 'आरक्षणातून' हा शब्द ती कधीही विसरली नाही. परत आल्यावर ती याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली ती पक्ष्याबद्दल. "दूध पाजलं वं त्याले. ज्यानं जन्मात गाय पाह्यली नाही, त्याले दूध. दया सगळ्यायले आली. पन हा खाते काय, हे कोनी इचारलं नाही."

पुढच्या तीसेक वर्षांत ती जे काही करत आली ते मला या एका वाक्यात बसतं. दया तिला नको होती. पक्षी काय खातो, कुठं बसतो, किती जगतो, कशानं उठतो, हे आधी बघा आणि मग बोला, एवढंच तिचं म्हणणं असायचं.

ती समुद्राकडे गेलीच. कोकण किनाऱ्यापासून होडीनं जावं लागतं अशा एका खडकाळ बेटावर हजारो सुरय अंडी घालायला येत. उत्पलानं तिथं आपला प्रबंध केला आणि नंतरही बरीच वर्षं काम केलं. मी एकदा गेले होते. होडीत मला इतक्या उलट्या झाल्या की बेट दिसायला लागलं तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. वर चढलो तर सगळीकडे विष्ठेचा उग्र वास, डोक्यावर किंचाळणारं पांढरं-काळं आभाळ, आणि उत्पला त्या गोंगाटात गुडघ्यांवर बसून दगडांच्या फटीत मेणाच्या वड्या ठेवत होती. त्या वड्यांना शेंगदाण्याचा वास लावलेला. मला वाटलं पक्ष्यांसाठी. ती म्हणाली, उंदरांसाठी. उंदीर आला असेल तर त्याचे दात मेणावर उमटतात.

मासेमारीच्या होड्यांतून कधीतरी त्या बेटावर उंदीर उतरले होते. समुद्रावरच्या पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरचा शत्रू बघितलेलाच नसतो, म्हणून तर ते बेटावर येतात. उंदीर आला तर काय करायचं हे त्यांना ठाऊकच नसतं. उत्पलानं मला एक फट दाखवली होती. आत एक मादी बसलेली, आणि तिच्या पोटाखालचं पिल्लू मागून अर्धं खाल्लेलं. मादी हललीही नव्हती. उत्पला तेव्हा रडली नाही, वहीत नोंद करून पुढच्या फटीकडे सरकली. शिवाय या पक्ष्यांचं गणितच वेगळं. उशिरा जोडी जमते, वर्षाला एखादंच पिल्लू, आयुष्य मात्र लांब. म्हणजे नुकसान झालं तर बरीच वर्षं कळतच नाही, म्हातारे पक्षी येत राहतात, आकाश भरलेलं दिसतं, आणि लोक म्हणतात सगळं ठीक आहे. मग एका वर्षी आकाश रिकामं असतं. "तोवर साहेब लोकायची बदली झाली असते," असं ती पुढं जोडायची.

पक्षी नसतात त्या महिन्यांत बेटावर राहून, पक्ष्यांना खाता येणार नाही अशा पेट्यांत औषध ठेवून तिनं आणि तिच्या सोबत्यांनी उंदीर संपवले. उंदीर मारायला पीएचडी लागते का, असं दारव्ह्यात लोक माझ्याजवळ हसून विचारायचे. पण मेणाच्या वड्या कोऱ्या राहायला लागल्या, आणि एका मोसमात फटीफटीतून पिल्लं उडाली. तेव्हाचा तिचा फोन मला आठवतो. वाऱ्यामुळं शब्द ऐकूच येत नव्हते, ती नुसती हसत होती.

त्यानंतर करायचं काम अगदी साधं होतं. बेटाला लागणारी प्रत्येक होडी आधी तपासायची आणि मेणाच्या वड्या बघत राहायच्या. तिचा प्रकल्प संपला, हे काम एका सरकारी कार्यालयाकडे गेलं, आणि कार्यालयानं ते केलं नाही. कुणी मुद्दाम नाही म्हटलं असंही नाही... नुसतं झालं नाही. दोन पावसाळ्यांनंतर तिनं स्वतः जाऊन वड्या ठेवल्या, तर त्यांवर दात उमटले. उत्पला ते बघून आली आणि त्यानंतर त्या बेटावर परत गेली नाही. तेवढ्यात तिचे बाबा वारले, आई दारव्ह्यात एकटी पडली. ती घरी आली आणि यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. लग्न तिनं केलंच नव्हतं.

मला वाटलं होतं आता ही शांत होईल. पण घरापासून तासाभरावरच्या धरणात तिला पुन्हा सुरय भेटले. हे नदीवरचे सुरय, समुद्रावरच्यांचेच भाऊबंद. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपूट दुभंगलेली. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरलं की धरणाच्या मध्यात एक टेकाड उघडं पडतं. धरणात बुडालेल्या गावाचा तो उंच भाग. जुन्या घरांच्या पायांचे दगड तिथं अजून दिसतात. त्या दगडगोट्यांत, घरटं वगैरे काही न करता, नुसता खड्डा उकरून हे पक्षी अंडी घालतात. अंडं इतकं मातीसारखं की पाय पडला तरच कळावं.

आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन मी वाचकांना सांगायला नको. उत्पलानं मला काठावरून दुर्बिणीतून दाखवलं होतं. पक्षी अंड्यावरून उठतो, पाण्यावर जातो, पोट बुडवतो, आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यावर बसतो. दिवसभर नर-मादी पाळीपाळीनं हेच करतात. आपण समजतो पक्षी अंड्याला ऊब द्यायला बसतो. इथं तो अंडं गार ठेवायला बसलेला असतो. आता त्याच वेळी तिथं माणूस गेला, कुत्रं गेलं, होडी जवळून गेली, की सगळे एकदम उठतात आणि डोक्यावर ओरडत फिरतात. लोकांना ते फार छान दिसतं, लोक फोटो काढतात. खाली दगडावर अंडं उघडं पडलेलं असतं. टाकून दिलेल्या एका अंड्यात बारीक तापमापक बसवून, तिथल्याच वाळूत ठेवून, तिनं ते मोजलं होतं. आतला जीव मरायला, चहा उकळायला लागतो त्याहून फार जास्त वेळ लागत नाही.

होडी किती दूर असली की पक्षी उठत नाहीत, हेही तिनं दोन उन्हाळे बसून काढलं, वेगवेगळ्या अंतरावरून होडी नेऊन, प्रत्येक वेळी पक्षी कधी उठले आणि कधी परतले ते बघून. त्या अंतरावर टेकाडाभोवती तिला बांबू रोवायचे होते. इथं तिची गाठ किसनभाऊंशी पडली. धरणात मासेमारी करणाऱ्या सोसायटीचे ते अध्यक्ष. त्यांना वाटलं बाई पाखरांच्या नावाखाली धरण बंद करणार. उत्पलानंही पहिल्याच भेटीत त्यांना तुम्ही खुनी आहात असं सुनावलं. वर्षभर दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मी मध्ये पडले, माझ्या ऑफिसात दोघांना बसवलं. किसनभाऊंचं म्हणणं सरळ होतं. टेकाडाच्या पूर्वेला त्यांची जाळी लागतात, ती जागा सोडली तर खायचं काय? उत्पलानं ऐकून घेतलं, पुन्हा एक उन्हाळा पूर्वेच्या बाजूनं मोजलं, आणि कबूल केलं की तिकडं दगडांची आड आहे, होडी थोडी जवळून गेली तरी चालेल. बांबूची रेघ तिनं त्या बाजूला आत घेतली. त्या दिवसापासून किसनभाऊंच्या लोकांनी ती रेघ कधी ओलांडली नाही. कुत्री हाकलायचं कामही त्यांनीच घेतलं.

ओलांडली ती इथल्या सरकारी कार्यालयानं. उत्पला वर्षानुवर्षं त्यांच्या मागं लागली होती की काठावर एक सूचना लावा. अखेर त्यांनी मनावर घेतलं, आणि भर एप्रिलात ट्रकभर सामान घेऊन, आपल्या लहानशा होडीनं टेकाडावर जाऊन, अंड्यांच्या मधोमध सिमेंट कालवून फलक उभा केला. 'येथे पक्षी अंडी घालतात. कृपया त्रास देऊ नये.' उत्पला त्या दिवशी कॉलेजात परीक्षेच्या कामाला होती. संध्याकाळी पोचली तेव्हा मजूर फलकाखाली बसून डबे खात होते आणि आकाशात एकही पक्षी नव्हता. पक्षी गेले ते गेलेच. पुढच्या उन्हाळ्यातही आले नाहीत. तिथल्या मुख्य साहेबांनी त्या फलकाशेजारी काढलेला फोटो बरेच दिवस त्यांच्या कार्यालयात लावलेला होता.

तेव्हा मी तिला पहिल्यांदा थकलेलं बघितलं. पण थकून ती दारव्ह्याच्या एका सुतारकाकांकडे गेली, जे तान्ह्या पोळ्यासाठी लहान मुलांचे लाकडी नंदी बनवतात. त्यांना म्हणाली, मला लाकडी सुरय पाहिजेत. समुद्री बेटांवर हा उपाय करतात, ती मला सांगत होती. हे पक्षी घोळक्यातच अंडी घालतात. मोकळी जागा कितीही चांगली असली तरी आधी कुणी बसलेलं दिसल्याशिवाय उतरत नाहीत. काकांनी नंदीच्या लाकडातूनच सुरय कोरले, पांढरा रंग दिला, काळी टोपी घातली, चोच हळदीसारखी पिवळी. काही पक्ष्यांचे डोळे नंदीसारखे मोठाले झाले होते, उत्पला म्हणाली चालतील. किसनभाऊंच्या लोकांनी तो फलक उखडला. उत्पलानं टेकाडावर लाकडी पक्षी मांडले, एका डब्यात लहान स्पीकर ठेवून सुरयांचे आवाज लावले, आणि काठावर छत्री उघडून बसली. पहिला उन्हाळा कोरडा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात होळीनंतर काही पक्षी लाकडी पक्ष्यांच्या मधोमध उतरले. एका नरानं चोचीतला मासा एका लाकडी मादीपुढं धरला, बराच वेळ. उत्पला हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

तो ठसका पुढं थांबलाच नाही. गेल्या पावसाळ्यात यवतमाळला, मग नागपूरला दाखवलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. जन्मात तिनं तंबाखूला हात लावला नव्हता. मी शेवटची भेटले ती जानेवारीत. खाटेवर बसून ती मला धरणात पाणी किती उतरलं ते विचारत होती. मी म्हटलं, आता तरी ते सोड. ती म्हणाली, "सोडू कोनाजवळ?" फेब्रुवारीत ती गेली.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. शोकसभा नगरपालिकेच्या सभागृहात झाली. ज्यांनी अंड्यांवर फलक रोवला तेच साहेब, आता वरच्या पदावर, पहिल्या रांगेत होते. पुढारी बोलले, साहेब बोलले, आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात जाहीर झालं की उत्पलाताईंच्या स्मरणार्थ एप्रिलमध्ये धरणावर जलमहोत्सव होईल. बोटिंग, गाणी, आणि टेकाडावर लोकांना पक्षी जवळून बघता यावेत म्हणून कायमचा मंडप. भूमिपूजन ताईंच्या मातोश्रींच्या हस्ते. एप्रिलमध्ये... टेकाडावर. मी उभी राहून सांगायला लागले तर माईक बंद झाला. बाहेर साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, यात पक्ष्यांचाच प्रचार आहे. तुम्ही भावनेच्या भरात आहात." तिनं जे मोजून, उन्हात बसून सिद्ध केलं होतं त्याला त्यांनी भावना म्हटलं. मी कोर्टात गेले. माझ्याच धंद्याबद्दल काय सांगू, सुनावणीची तारीख मिळाली ती महोत्सवानंतरची.

मार्चच्या शेवटी साहेब आणि त्यांची माणसं निमंत्रण घेऊन उत्पलाच्या घरी गेली. मी तिथं होते. उत्पलाच्या आईला आम्ही सगळे माय म्हणतो. माय ओसरीत गहू निवडत होती. तिच्या खांद्यावर शाल घातली गेली, नारळ हातात दिला, फोटो निघाला. मायनं सगळं निमूट ऐकलं आणि साहेबांना विचारलं, तेव्हा पाखरं तिथं असतील का. साहेब उत्साहानं म्हणाले, असणारच ना आजी, म्हणून तर ही तारीख धरली. माय शाल खांद्यावरून काढून घडी करत म्हणाली, "माही पोरगी जित्ती असती तं तुमाले त्या टेकाडावर पाय ठेवू देल्ला नसता. ती मेली, तं तुमी तिचंच नाव घेऊन तिथं चाल्ले. नाव तिचं काढा. मंग काय करायचं ते तुमच्या नावानं करा." शाल आणि नारळ तिनं त्यांच्या गाडीत स्वतः नेऊन ठेवलं. आवाज चढवला नाही.

ही गोष्ट दोन दिवसांत तालुकाभर झाली. किसनभाऊंच्या सोसायटीनं होड्या द्यायला नकार दिला. त्यांच्या होड्यांवाचून मंडपाएवढं सिमेंट टेकाडावर जाणार नव्हतं. फ्लेक्सवरून उत्पलाचं नाव निघालं, रोहित मात्र राहिला. महोत्सव टेकाडावरून हलून धरणाच्या भिंतीजवळच्या बागेत आला. आम्हाला वाटलं जिंकलो.

त्या दिवशी भर दुपारी किसनभाऊ आणि मी काठावर होतो. टेकाडावर सुरय अंड्यांवर बसलेले, ओल्या पोटानं ये-जा चाललेली. बागेकडून गाण्याचा आवाज येत होता, पण दूर होता, पक्षी उठत नव्हते. आणि मग भिंतीवरून एक ड्रोन उडाला आणि सरळ टेकाडाकडे आला. पक्ष्यांच्या दृष्टीनं ती वरून झेपावणारी घारच. सगळी वसाहत एका क्षणात आकाशात गेली. ड्रोन वर घिरट्या घालत राहिला. किसनभाऊंच्या मोटरसायकलवर आम्ही बागेत पोचलो. मी मंडपात घुसून साहेबांच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हटलं, ते यंत्र खाली घ्या, तिकडं अंडी शिजून राह्यली. ते पक्षी वाचवण्यावर भाषण करत होते. माईकवर हात ठेवून म्हणाले, "दोन मिनिटं, मॅडम. शूटिंग होऊ द्या." चित्रीकरण बराच वेळ चाललं. मी माझ्या आयुष्यात कुणाला शिव्या दिलेल्या नाहीत. त्या दिवशी दिल्या, भरल्या मंडपात, आणि त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या रेघेपर्यंत होडी नेऊन आम्ही बघितलं. पक्षी परत आलेले होते, अंड्यांवर बसलेले होते, पोट भिजवून आणत होते. किसनभाऊ म्हणाले, वाचली वाटतं. पण उत्पलानं मला सांगितलं होतं, अंडं आतून मेलं हे त्यांना कळत नाही, ते बसत राहतात. पिल्लं निघायचे दिवस आले आणि गेले, तरी ते पाणी आणून त्या दगडांवर बसत राहिले. टेकाडाच्या पश्चिम बाजूला थोडी पिल्लं निघाली. बाकी सगळं गेलं. ते चित्रीकरण मी नंतर मोबाइलवर पाहिलं. खाली लिहिलं होतं, आपल्या तालुक्याचं निसर्गवैभव. खूप लोकांना आवडलं होतं.

कोर्टातला अर्ज मी मागं घेतलेला नाही. आता त्यात ड्रोनही घातला आहे. मे सुरू झाला आहे आणि काही जोड्यांनी पुन्हा अंडी घातली आहेत. मोसमात लवकर अंडी गेली आणि कुणी पुन्हा त्रास दिला नाही तर ते दुसरा प्रयत्न करतात. पावसाच्या आधी पिल्लांच्या पंखांत बळ यायला हवं, वेळ फार कमी आहे. कोर्टाला सुट्टी लागली आहे, म्हणून मी रोज जाते. काठावर बसते, कुणी होडी घेऊन आलं तर भांडते.

संध्याकाळी परतताना मायकडे थांबते. उत्पला धरणावरून आली की चप्पल काढायच्याही आधी दारातून ओरडायची, "माय, बसली!" माय म्हणायची, बसली तं बसली, हात-पाय धू. इतकी वर्षं मायनं कधी आपणहून विचारलं नाही. आता मी दारात दिसले की तीच विचारते, "बसली का वं?"

काल मी सांगितलं, बसली. पण हेही सांगितलं की गावात म्हणतात, पुढल्या आठवड्यात पुन्हा शूटिंग आहे, या वेळी कुठल्या तरी मंत्र्यासाठी. माय उठली, आत गेली, उत्पला धरणावर न्यायची ती भिंतीला टेकवलेली लोखंडी खुर्ची ओढत ओसरीत आणली आणि तिच्यावरची धूळ पदरानं पुसली.

"कोन्त्या दिवशी हाय ते सांगजो," ती म्हणाली. "मी येतो."